कोंडा, कणी आणि कांडपीण

आमच्या गावच्या घराच्या मागच्या पडवीत जमिनीत पुरलेलं एक वायन आहे. वायन म्हणजे दगडी उखळ. वरून पाहिलं तर जमिनीला पडलेलं एक गोल भोक, आत हात घातला तर गुळगुळीत, थंड. आता त्यावर फळी टाकलेली असते, कारण सुट्टीत येणाऱ्या मुलांचे पाय त्यात अडकतात. त्याचं मुसळ गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावलेलं आहे.

गेल्या गणपतीत पुण्याहून जाताना मी हातसडीचे तांदूळ घेऊन गेलो. कागदी पिशवी, वर सुपाचं चित्र, आणि सांगायला लाज वाटावी अशी किंमत. काकीने पिशवी उघडली, मूठभर दाणे तळहातावर पसरले, दोन बोटांनी चाळवले आणि म्हणाली, "तुमका हातसडीचे तांदूळ व्हये. पण ते सडतली कोण?"

सगळे हसले, मीही हसलो. पण मुंबईकडे परतताना गाडीत तो प्रश्न पुन्हा पुन्हा आठवत राहिला. काकीने क्रियापद स्त्रीलिंगी वापरलं होतं. 'सडील कोण' एवढंच तिला विचारायचं नव्हतं. कोण बाई सडेल, असा तो प्रश्न होता. पुरुष ते काम करील ही शक्यताच तिच्या व्याकरणात नव्हती. (मराठीत 'सडणे' या एकाच क्रियापदाला कुजणे आणि कांडणे असे दोन अर्थ आहेत, हेही तेव्हाच जाणवलं.) भाताबद्दल इतकी वर्षं वाचताना, लिहिताना मी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. आता तो घेऊन जुनी कागदपत्रं आणि पुस्तकं पुन्हा चाळली. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे.

भाताचा इतिहास लिहिताना आपण बहुधा बियाण्याचा इतिहास लिहितो. १९६६ सालचं आयआर-८, १९६८ सालचं जया, कर्जतच्या संशोधन केंद्राने काढलेले वाण, आणि त्यांच्यापुढे मागे पडलेले वालय, पटणी, राता. पेरणीपासून मळणीपर्यंतचं सगळं त्यात असतं. मग एकदम ताटातला भात. खळ्यापासून चुलीपर्यंतचं अंतर मात्र कुणी मोजत नाही. ते अंतर काही शतकं बायकांनी मुसळाने कापलं, आणि मग जेमतेम शंभर वर्षांत यंत्राने.

ते अंतर नेमकं कसं होतं, ते आधी सांगायला हवं, कारण चाळिशीच्या आतल्या वाचकाने ते पाहिलेलं असण्याची शक्यता कमी. भाताच्या दाण्यावर दोन आवरणं असतात. बाहेरचं तूस, ते गुरंही खात नाहीत. आतला पातळ, तांबूस-करडा थर म्हणजे कोंडा, आणि त्याच्या टोकाशी चिकटलेला अंकुर. शंभर किलो भातात साधारण वीस किलो तूस आणि आठ-दहा किलो कोंडा. कणगीतलं भात काढायचं, उन्हात घालायचं, मग घिरटीवर भरडायचं. घिरट म्हणजे जात्यासारखंच, पण दाणा फुटू नये इतपत हलकं. त्यात तूस सुटतं. मग सुपाने पाखडायचं, न सुटलेलं भात निवडून पुन्हा भरडायचं. एवढ्यावर तांदूळ खाण्याजोगे होतात, पण ते शिजायला वेळ घेतात, चावायला लागतात. म्हणून मग ते वायनात घालून मुसळाने सडायचे. एकदा सडले की कोंडा निम्माअर्धा जातो, दुसऱ्यांदा सडले की तांदूळ उजळतात, आणि तिसऱ्यांदा सडले की सणाच्या पानात वाढता येतील इतके पांढरे होतात. प्रत्येक वेळी पाखडणं आलं, कणी वेगळी करणं आलं. तूस चुलीला किंवा उकिरड्यावर, कोंडा गुरांना आणि कोंबड्यांना, कणी पेजेला.

हे रोजचं काम होतं, आणि वर्षभराचं एकदम करून ठेवता येत नव्हतं. कोंड्यात तेल असतं, त्यामुळे थोडा कोंडा राखलेले तांदूळ लवकर खवट होतात, त्यांना कीडही लवकर लागते. कणगीत भात वर्षभर टिकतं, तांदूळ टिकत नाहीत. म्हणून पहाटेचा पहिला आवाज कोंबड्याचा नसे, मुसळाचा असे.

पण मुसळ कुणाच्या हातात होतं? इथे एक भेद करावा लागतो, आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीची मेख तिथेच आहे. बहुतेक घरांत ते घरच्याच बाईच्या हातात होतं. सासुरवाशिणीला माहेरची आठवण जात्यावर आणि उखळावर येते, असं आपली ओवी सांगते, ते उगाच नाही. पण ज्यांच्या घरात खंडीने भात येई त्यांच्याकडे कांडपीण येत असे. आमच्याकडेही येत असे. काकीला ती चांगली आठवते. दुपारची जेवणं झाली की ती यायची, दिवेलागणीपर्यंत सडायची आणि जाताना मजुरी म्हणून पदरात थोडे तांदूळ, कणी आणि कोंडा घेऊन जायची. पैसे क्वचित. जमीन नसलेल्या, नवरा मुंबईला जाऊन हरवलेल्या किंवा वारलेल्या बाईला पावसाळा सरल्यापासून पुढचा पावसाळा येईपर्यंत हमखास मिळणारं हे काम होतं. कोंड्याचा मांडा करून खाणं ही आपल्या भाषेत म्हण आहे. तिच्या घरी तो दिवसाचा बेत होता.

ब्रिटिश अमदानीतल्या जनगणनांत तांदूळ कांडणाऱ्या आणि पीठ दळणाऱ्यांचा एक स्वतंत्र व्यवसायगट असे. त्यात बायकांची संख्या पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. मात्र त्या गटात नोंद झाली ती मजुरीवर कांडणाऱ्यांचीच. स्वतःच्या घरात तेच मुसळ, तेवढाच वेळ चालवणारी बाई सरकारी हिशेबात काही करतच नव्हती. म्हणजे यंत्र आल्यावर काय गेलं हे मोजायची वेळ आली, तेव्हा कांडपिणीची मजुरी गेली हे मोजता येत होतं, आणि गृहिणीचे कष्ट वाचले हे मोजायला आकडाच नव्हता. पुढच्या सगळ्या वादांत हा लंगडेपणा राहिला. ज्याच्या हातात जो आकडा होता, त्याने त्या बाजूने वाद घातला.

आता यंत्राकडे. एव्हारिस्तो कॉनरादो एंगेलबर्ग नावाच्या ब्राझिलियन यंत्रज्ञाने १८८० च्या दशकात कॉफी आणि भात सोलण्याचं एक यंत्र तयार केलं. अमेरिकेत सिराक्यूज इथे त्याच्या नावाची कंपनी निघाली आणि तिथून हा 'हलर' आशिया-आफ्रिकेच्या खेड्यांत पसरला. यंत्र साधं आहे. बिडाच्या नळकांड्यात खाचा असलेला एक लोखंडी दंडगोल फिरतो, खाली जाळी, बाजूला पुढे-मागे करता येणारं एक पातं. वरून भात ओतायचं. घासून घासून तूस आणि कोंडा दोन्ही एकाच दमात निघतात. दाणा तापतो, बराच फुटतो, तूस आणि कोंडा एकमेकांत मिसळून जातात. गुणवत्तेच्या दृष्टीने यंत्र अगदी सामान्य. पण स्वस्त, गावच्या सुताराला-लोहाराला दुरुस्त करता येणारं आणि एका माणसाला चालवता येणारं.

याच्याही आधी मोठ्या वाफेच्या गिरण्या आल्या होत्या, त्या ब्रह्मदेशात. इरावतीच्या मुखाकडची जंगलं आणि दलदल तोडून तिथे भातशेती झाली. सुरुवातीला रंगूनहून युरोपात जायचा तो अर्धवट भरडलेला माल. त्यात साधारण पाचवा हिस्सा भात तसंच ठेवलेलं असे, कारण आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासात पांढरे तांदूळ टिकत नसत. पुढची सडाई लिव्हरपूल, ब्रेमेनकडे होई. १८६९ साली सुवेझ कालवा उघडला, प्रवास आखडला, आणि रंगूनच्या गिरण्या स्वतःच तांदूळ पांढरे करून पाठवू लागल्या. तो पांढरा तांदूळ मुंबईलाही येऊ लागला आणि किनाऱ्याच्या बोटींतून कोकणात उतरू लागला. कोकणात भात पिकतं खरं, पण ते कोकणाला वर्षभर पुरलं असं क्वचितच झालं. गिरणगावातल्या खाणावळीत जेवणारा चाकरमानी गावाकडे मनिऑर्डर करी, आणि त्या पैशातून त्याचं घर दुकानातला रंगूनचा तांदूळ विकत घेई. म्हणजे मुसळ कोकणात थांबण्याआधीच, विकतच्या तांदळापुरतं, रंगूनला थांबलं होतं.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गिरणीने लोकांना पांढऱ्या भाताची चटक लावली, असं आपण सर्रास म्हणतो. तसं नाही. पांढरा भात ही आधीपासून प्रतिष्ठेची गोष्ट होती. नैवेद्याला, पाहुण्याला, लग्नाच्या पंगतीला तीनदा सडलेले तांदूळ लागत. ज्याच्या घरी पांढरा भात त्याच्या घरी सडायला माणसं, हे कुणीही ओळखी. गिरणीने आवड निर्माण केली नाही, ती फक्त स्वस्त केली. राजाच्या घरचा भात रंकाला रोज मिळू लागला. आणि त्यासोबत एक रोगही.

जावा बेटावर बटाव्हियामध्ये, म्हणजे आजच्या जकार्तात, ख्रिस्तियान आइकमन हा डच लष्करी डॉक्टर बेरीबेरीचं कारण शोधत होता. पायातलं त्राण जातं, अंगावर सूज येते, हृदय बंद पडतं, असा हा रोग. बराकी, तुरुंग आणि जहाजं यांत तो माणसं मारत होता. आइकमनला वाटत होतं, जंतू असणार. प्रयोगशाळेतल्या त्याच्या कोंबड्या लुळ्या पडू लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्या झाल्या. शोध घेतला तेव्हा कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. मग स्वयंपाकी बदलला, आणि सरकारी लष्करी तांदूळ बिनलष्करी कोंबड्यांना घालायला नव्याने नकार दिला. त्या स्वयंपाक्याचं नाव कुठे नोंदलेलं नाही, पण जीवनसत्त्वांच्या इतिहासात त्याचा वाटा आहेच. पुढे आडोल्फ फोर्डरमन यांनी जावातल्या शंभरेक तुरुंगांची पाहणी केली. जिथे पांढरे तांदूळ तिथे बेरीबेरी सर्रास, जिथे कोंडा राखलेले तिथे जवळजवळ नाही. १९०१ साली ग्राइन्स या आइकमनच्या उत्तराधिकाऱ्याने योग्य अर्थ लावला: पांढऱ्या भातात विष नाही, कोंड्यात असलेलं काहीतरी त्यात नाही. ते 'काहीतरी' १९२६ मध्ये जावातच यान्सेन आणि डोनाथ यांनी कोंड्यातून वेगळं काढलं. आज आपण त्याला थायमिन किंवा ब-१ म्हणतो. त्याची रचना उलगडून १९३६ मध्ये ते कृत्रिमरीत्या बनवणारा रॉबर्ट विल्यम्स हा आपल्या नेल्लोरमध्ये, मिशनरी कुटुंबात जन्मला होता.

भारतात हे काम निलगिरीतल्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेत झालं; आधी रॉबर्ट मॅककॅरिसन आणि १९३५ पासून वॉलेस आयक्रॉइड. आयक्रॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० साली भारतातल्या तांदळाच्या प्रश्नावर एक अहवालवजा ग्रंथ लिहिला. त्यातली एक गोष्ट मला अजून चकित करते. बेरीबेरी मद्रास इलाख्याच्या उत्तरेकडे, आंध्रच्या किनारपट्टीवर भरपूर होता. दक्षिणेकडे, तितकाच किंवा त्याहून गरीब आणि तितकाच तांदळावर जगणारा समाज असूनही, तो जवळजवळ नव्हता. फरक एवढाच की आंध्र किनाऱ्यावरचे लोक गिरणीतला सुरय तांदूळ खात, दक्षिणेतले उकडा. भात तुसासकट भिजवून उकडलं की कोंड्यातलं ब-१ पाण्याबरोबर आत, दाण्याच्या गाभ्यात शिरतं. मग गिरणीने कोंडा काढला तरी बराचसा भाग आतच राहतो.

उकड्या तांदळाची पेज हा दक्षिण कोकणातला आणि गोव्यातला सकाळचा आहार. मुंबईत वाढलेल्या आम्हा भावंडांना त्या जाडजूड, वासाच्या भाताची लाज वाटायची. तांब्याच्या मोठ्या तपेल्यात भात उकडण्याची ही पद्धत कुणी, कधी शोधली ते कुणाला माहीत नाही. शोधली ती बहुधा सडणं सोपं व्हावं म्हणून. उकडल्यावर तूस फाटतं आणि दाणा कठीण होतो, तो मुसळाखाली फुटत नाही, कणी कमी होते. सडणाऱ्या बाईने स्वतःचे हात वाचवायला केलेली युक्ती नकळत जीव वाचवून गेली, असं मी समजतो. याला पुरावा नाही, पण मुसळ ज्याने कधी उचललं नाही त्याला ही युक्ती सुचणं कठीण.

यानंतर गोष्ट वर्ध्याला येते. १९३४ च्या ऑक्टोबरात मुंबईला काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी काँग्रेसच्या सभासदत्वातून बाहेर पडले आणि वर्षअखेरीस वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, त्याचं काम सुरू झालं, चिटणीस जे. सी. कुमारप्पा. संघाने हाती घेतलेल्या पहिल्या गोष्टींत हातसडीचे तांदूळ होते, सोबत जात्यावरचं पीठ आणि गूळ. 'हरिजन'मधून गांधीजी त्यावर सतत लिहीत राहिले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या कुमारप्पांचा युक्तिवाद भावनेचा नव्हता, हिशेबाचा होता. गिरणी अन्नातलं सत्त्व काढून घेते, आणि शंभर जणींच्या हातचं काम काढून एकाच्या खिशात घालते. उखळ पांढरं होतं ते गिरणीवाल्याचं. कोंडा राखलेले तांदूळ टिकत नाहीत, हा व्यापाऱ्याच्या दृष्टीने दोष. खेड्याच्या दृष्टीने तोच गुण, कारण त्यामुळे सडाई खाणाऱ्याच्या दाराशीच करावी लागते. जहाजांची सोय पाहणाऱ्या रंगूनच्या नेमकं उलट टोकाला मगनवाडी उभी होती.

हा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो. आणि तरीही त्यात एक भोक आहे, आमच्या पडवीतल्या वायनाएवढं. त्यात कांडपीण आहे, गृहिणी नाही. तिचं काम हे 'काम' म्हणून गेलं की हानी, हे दिसतं. जिला त्या कामाचा दामच नव्हता तिची सुटका झाली, हे दिसत नाही. मगनवाडीत हलक्या चक्क्या, सुधारलेली साधनं करून पाहिली गेली, कष्ट कमी व्हावेत ही तळमळ खरी होती. पण स्वतः रोज सूत कातणाऱ्या पुरुषांच्या त्या चळवळीत, रोज तासभर मुसळ पुरुषांनीही चालवावं, हा आग्रह चरख्याइतका कधी झाला नाही. चरखा पुरुषाच्या हातात देण्यात गांधीजींना यश आलं. मुसळ बायकांकडेच राहिलं.

दरम्यान १९४२ च्या मार्चमध्ये रंगून जपानच्या हाती पडलं आणि दर वर्षी ब्रह्मदेशातून येणारा दहा लाख टनांहून अधिक तांदूळ एका फटक्यात बंद झाला. बंगालमध्ये पुढच्या वर्षी काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झालं. तांदूळ काय प्रतीचा, हा प्रश्न त्यानंतर काही वर्षं कुणाला परवडणारा नव्हता.

स्वातंत्र्यानंतर मगनवाडीचा विचार सरकारी फायलीत आला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या तयारीसाठी १९५५ साली पुण्याचे अर्थतज्ज्ञ द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली ग्रामोद्योग व लघुउद्योगांवर समिती नेमली गेली. नव्या भातगिरण्यांना आळा घालावा, हातसडीला आधार द्यावा, असा तिचा कल होता. त्यातून १९५८ साली भातगिरणी उद्योग नियमनाचा कायदा आला. नवी गिरणी काढायची तर परवाना हवा, आणि तो देताना त्या परिसरात मोठी बेकारी होईल का, हे तपासायचं. एखादं यंत्र बसवण्याआधी त्याने कुणाचं काम जाईल हे विचारणारे कायदे आपल्याकडे फार नाहीत. हा त्यांतला एक. १९९७ पर्यंत तो पुस्तकात होता.

पुस्तकाबाहेर काय झालं? हलर वाढतच गेले. पुण्यात खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली होती. डिझेल इंजिन गावोगाव पोचलं, आणि जिथे वीज पोचायला अजून वीस वर्षं होती तिथेही पट्ट्यावर हलर फिरू लागला. आमच्या गावात गिरण आली तेव्हा, काकी सांगते, पहिल्या दिवशी बायकांची रांग व्हाळापर्यंत गेली होती. डोक्यावर भाताची पाटी घेऊन तीन मैल चालत आलेल्या. कुणी त्यांना फसवून आणलं नव्हतं. कायदा बेकारी तपासत होता आणि ज्यांची बेकारी होणार असं तो म्हणत होता त्यांच्यापैकी बहुतेक जणी स्वतःच रांगेत उभ्या होत्या. "त्या रात्री हात दुखाक नाय," काकी म्हणाली. एवढंच.

मी कांडपिणीबद्दल विचारलं. ती पुढे कुठे गेली? काकी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, थोडे दिवस ती येत राहिली, शेण काढायला, आगोट भरायला, काजू फोडायला. मग मुलाकडे मुंबईला गेली.

एकाच वायनाशी दोन बायका होत्या. गिरणीने एकीचे हात सोडवले आणि दुसरीच्या हातातलं काढून घेतलं. दोन्ही खरं आहे, आणि एकाची वजाबाकी दुसऱ्यातून करता येत नाही. हा पेच आपल्याच गावातला होता असंही नाही. बंगालमध्ये पायाने चालवायच्या ढेंकीवर भात सडणं हा विधवांचा, निराधार बायकांचा मोठा आधार होता. गिरण्यांनी तो कसा हिरावला हे मुकुल मुखर्जी यांनी १९८३ साली तपशीलवार दाखवलं. जावात १९७० नंतर हलर इतक्या वेगाने पसरले की अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांत त्यावर जाहीर वाद झाला. पीटर टिमर यांचं म्हणणं, प्रचंड सरकारी गिरण्यांपेक्षा छोटे हलर हा शहाणपणाचा मधला मार्ग आहे. विल्यम कोलियर आणि सहकाऱ्यांनी उलट विचारलं, भूमिहीन बायकांच्या बुडालेल्या मजुरीचा हिशेब तुम्ही केलाच कुठे? माझ्या वाचनात आलेल्या या वादात घरातल्या बिनमजुरीच्या सडाईला किंमत लावलेली मला कुठे दिसली नाही. काकीचं क्रियापद तिथेही गैरहजर.

साठीच्या दशकाअखेर सरकारचा सूर बदलला. आता शत्रू गिरणी नव्हती, हलर होता. फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने देशात काही आधुनिक गिरण्या उभारल्या गेल्या. रबरी रोळांच्या दोन गतींमध्ये दाण्याचं तूस अलगद सुटतं, कोंडा नंतर वेगळ्या यंत्रात निघतो. तांदूळ कमी फुटतात, आणि तूस न मिसळलेल्या कोंड्यातून तेल काढता येतं; ते मात्र ताबडतोब, कारण दळल्याबरोबर कोंडा खवट व्हायला लागतो. कोंडा गुरांच्या घमेल्यातून निघून कारखान्यात गेला, आणि आता शहरातल्या दुकानात 'हृदयासाठी उत्तम' अशा चिठ्ठीसह तेलाच्या बाटलीत परत आला आहे. मी नेलेले हातसडीचे तांदूळही, काकीने ओळखलं तसे, रबरी रोळांतूनच निघालेले होते. मुसळाखालच्या दाण्यावर जे ओरखडे असतात ते त्यांवर नव्हते.

आज आपल्या राज्यात या धंद्याचं केंद्र कोकण नाही, पूर्व विदर्भ आहे. गोंदिया-भंडाऱ्याकडे याला भात म्हणत नाहीत, धान म्हणतात, आणि सडण्याला भरडाई. सरकार धान खरेदी करतं, गिरणीवाल्यांना भरडायला देतं, आणि शंभर किलो धानामागे सदुसष्ट किलो तांदूळ परत मागतं. उकडा असेल तर अडुसष्ट. तूस, कोंडा, राहिलेली कणी गिरणीवाल्याची. कांडपिणीची मजुरी होती तीच, आकार तेवढा बदलला.

आणि पुढे याच गिरण्यांत एक नवं काम आलं. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जाहीर केलं की सरकारी योजनांतला सगळा तांदूळ पोषणयुक्त करून दिला जाईल. तांदळाचं पीठ करायचं, त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ मिसळायचं, यंत्रातून पुन्हा तांदळाच्या आकाराचे दाणे पाडायचे, आणि शंभर किलो तांदळात असा एक किलो दाणा मिसळायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ही योजना डिसेंबर २०२८ पर्यंत चालू ठेवायला मंजुरी दिली. खर्च १७ हजार ८२ कोटी रुपये. रक्तक्षयाचं प्रमाण पाहता काहीतरी करायलाच हवं होतं, हे मला मान्य आहे. पण ब-१ घालणं यात सक्तीचं नव्हतं. कोंड्याबरोबर जातं ते एक आणि दाण्याबरोबर येतं ते दुसरं. शिवाय सिकलसेल असलेल्यांनी लोहयुक्त अन्न टाळावं, असा इशारा छापायला २०१८ च्या नियमांनीच सांगितलं होतं, आणि आपल्याकडे सिकलसेल जिथे सर्वाधिक आहे त्या भागांत धान पिकवणारा गडचिरोलीही येतो. तिथल्या बाईला रेशनच्या पोत्यातला हा दाणा वेगळा कसा काढायचा, ते कुणी सांगितलेलं नाही.

काकीला ते येतं. परवा फोन केला तेव्हा ती रेशनचे तांदूळ सुपात घेऊन बसली होती. या तांदळात प्लास्टिक घालतात, असं गावात सगळे म्हणतात. ते प्लास्टिक नाही, पीठच आहे, औषध घातलेलं, असं मी तिला समजावलं. तिने ऐकून घेतलं. "असात," म्हणाली. मागे सुपाचा आवाज चालूच होता. पिवळट, जरा फुगीर असे ते दाणे ती एकेक करून वेचत होती, आणि वेचलेले सगळे तिने कोंबड्यांपुढे टाकले.